वेस्ट पॉइंटचा जनरल स्टुडिओत का गेला?

२००६ च्या नोव्हेंबरात पॅट्रिक फिनेगन नावाचे एक ब्रिगेडियर जनरल वेस्ट पॉइंटहून विमानाने दक्षिण कॅलिफोर्नियात आले. वेस्ट पॉइंट ही अमेरिकी लष्कराचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी. फिनेगन तिथले अधिष्ठाता होते, पेशाने वकील होते आणि भावी अधिकाऱ्यांना युद्धाचा कायदा समजावून देणं हे त्यांच्या संस्थेचं काम होतं. त्यांच्यासोबत तीन अनुभवी माणसं होती. लष्करात किंवा एफबीआयमध्ये कैद्यांची चौकशी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. ही सगळी मंडळी '२४' या दूरचित्रवाणी मालिकेच्या सेटवर पोहोचली. फिनेगन पूर्ण गणवेशात होते, छातीवर पदकं होती. सेटवरच्या कुणीतरी त्यांना नट समजलं आणि तुमचं चित्रीकरण किती वाजता आहे, असं विचारलं.

जनरलसाहेब आले होते ते एक विनंती घेऊन. मालिकेचा नायक कैद्याचा छळ करतो आणि दर वेळी त्याला खरी माहिती मिळते. हे दाखवणं थांबवा, निदान कधीतरी छळ फसतो, अंगाशी येतो हेही दाखवा, असं त्यांचं मालिकेच्या लेखकांना आणि निर्मात्यांना सांगणं होतं. प्रबोधिनीतले विद्यार्थी ही मालिका आवडीने बघत. वर्गात शिक्षक सांगत की कैद्याला मारहाण करणं बेकायदा आहे आणि निरुपयोगीही आहे. विद्यार्थी ऐकून घेत, पण मनात त्यांचा नायक उभा असे. छळ चुकीचा असेल तर मग '२४' मध्ये तो करतो ते काय, हा त्यांचा प्रश्न होता. देशाच्या सर्वांत नामांकित लष्करी प्रबोधिनीचा अभ्यासक्रम एका करमणुकीच्या कार्यक्रमापुढे कमी पडत होता. म्हणून जनरल स्टुडिओत गेले.

गुप्तहेरांच्या मालिकांचा प्रेक्षकांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न एरवी फार सैल वाटतो. फिनेगन यांच्या या फेरीमुळे तो नेमका होतो. मालिका बघून कुणी गुप्तहेर होत नाही, झाला तर लाखात एखादा. परिणाम होतो तो बाकीच्यांवर: सरकारने आपल्या नावाने, आपल्या रक्षणासाठी काय काय करावं आणि काय केलेलं चालेल, याबद्दलचं आपलं मत या मालिका हळूहळू घडवत जातात.

'२४' ही मालिका फॉक्स वाहिनीवर ६ नोव्हेंबर २००१ रोजी सुरू झाली. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून तेव्हा आठ आठवडेच झाले होते. मालिकेची कल्पना आणि पहिलं चित्रीकरण त्या हल्ल्याच्या आधीचं; पहिल्याच भागात विमानात स्फोट होण्याचं दृश्य होतं, ते प्रक्षेपणापूर्वी कापून सौम्य करावं लागलं. जोएल सर्नो आणि रॉबर्ट कॉक्रन हे तिचे जनक. एका हंगामात एकाच दिवसाची गोष्ट, चोवीस भाग, प्रत्येक भाग म्हणजे त्या दिवसातला एक तास. पडद्यावर आकड्यांचं घड्याळ टिकटिकत राहायचं. नायक जॅक बावर, कीफर सदरलंडने साकारलेला, लॉस एंजेलिसमधल्या एका काल्पनिक दहशतवादविरोधी पथकाचा माणूस.

माझ्या मते या मालिकेचं सगळं तत्त्वज्ञान त्या घड्याळात होतं. खऱ्या गुप्तवार्ता विभागातलं काम महिनोन्‌महिने चालतं: फोनच्या नोंदी, बँकेची खाती, प्रवासाचे तपशील, जुन्या फायली, चार खात्यांतली पत्रापत्री. चोवीस तासांच्या गोष्टीत यातलं काहीच मावत नाही. बॉम्ब कुठे आहे हे लेखकाला पुढच्या जाहिरातीआधी नायकाला कळवायचं असतं. मग एका माणसाला खुर्चीला बांधलं जातं. छळ हा कथानकाची गती टिकवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरला. पहिल्या पाच हंगामांत छळाची ६७ दृश्यं आली, अशी मोजणी अमेरिकेतल्या 'पेरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल' या संस्थेने केली. 'ह्यूमन राइट्स फर्स्ट' या संस्थेचं निरीक्षण याहून बोलकं होतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांपूर्वी अमेरिकेच्या मुख्य वेळेच्या मालिकांत वर्षाला चारही छळप्रसंग दिसत नसत. त्यानंतर ते शंभरावर गेले. शिवाय पूर्वी छळ करायचा खलनायक. आता नायक करू लागला.

टिकटिकणाऱ्या बॉम्बचा हा युक्तिवाद काही अमेरिकी मालिकेने शोधलेला नाही. त्याचं मूळ बरेच अभ्यासक फ्रेंच लेखक जाँ लार्तेगी यांच्या १९६० सालच्या अल्जीरियातील युद्धावरच्या कादंबरीत शोधतात. तेव्हापासून वादविवादात तो पुन्हा पुन्हा मांडला जातो: शहरात बॉम्ब आहे, तासाभरात फुटणार आहे, ठेवणारा तुमच्या ताब्यात आहे, काय कराल? ऐकणारा निरुत्तर होतो, कारण उत्तर प्रश्नातच पेरून ठेवलेलं असतं. पकडलेला माणूस खरोखर तोच आहे, हे गृहीत धरलेलं असतं. त्याला ठिकाण ठाऊक आहे, वेदनेने तो बोलेल, बोलेल ते खरं बोलेल आणि ते खरं आहे हे आपल्याला वेळेत कळेल, हेही गृहीतच. पटकथेत या पाचही गोष्टी लेखकाला आधीच माहीत असतात. प्रेक्षकानेही आधीच्या दृश्यात त्या माणसाला बॉम्ब ठेवताना पाहिलेलं असतं, त्यामुळे त्याच्या मनात शंका उरत नाही. खऱ्या चौकशीच्या खोलीत मात्र यातली एकही गोष्ट कुणाला ठाऊक नसते. समोरचा माणूस नावसाधर्म्यामुळे उचलून आणलेला असू शकतो. त्याला ठाऊक असलं, तरी तासभर खोटा पत्ता सांगत राहणं त्याला सहज शक्य असतं, कारण घड्याळ त्याच्याच बाजूने पळत असतं. हा साधा मुद्दा '२४' च्या प्रेक्षकाला जाणवतच नाही.

आणि प्रेक्षक कोण होते? टोनी लागुरानिस हा इराकमध्ये काम केलेला अमेरिकी लष्कराचा माजी चौकशी अधिकारी. फिनेगन यांच्याबरोबर तो सेटवर गेला होता. इराकमधल्या तळांवर सैनिक अशा मालिकांच्या डीव्हीडी बघत आणि पडद्यावर जे दिसलं ते चौकशीच्या खोलीत जाऊन करून बघत, असं त्याने सांगितलं आहे. संशयित दहशतवाद्यांना कोंडलेल्या ग्वान्टानामोच्या अमेरिकी तळावर २००२ साली लष्कराच्या कायदा सल्लागार असलेल्या डायान बीव्हर यांनी ब्रिटिश वकील फिलिप सँड्स यांच्याशी बोलताना कबूल केलं, की चौकशीच्या नव्या पद्धती ठरवण्याच्या त्या काळात जॅक बावर तळावर भलताच लोकप्रिय होता आणि त्याच्यावरून लोकांना कल्पना सुचत होत्या. त्याच तळावर पुढे कोणत्या पद्धती कागदोपत्री मंजूर झाल्या ते जगाला ठाऊक आहे. २००७ साली ओटावा इथे न्यायाधीशांच्या आणि कायदेतज्ज्ञांच्या एका परिषदेत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी छळाच्या चर्चेत जॅक बावरचा दाखला दिला. त्याने लॉस एंजेलिस वाचवलं, त्याला तुम्ही शिक्षा करणार का, असा त्यांचा सवाल होता. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावरचा माणूस कधीही न घडलेल्या घटनेचा आधार घेत होता. मला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटते. तरुण सैनिकाची चूक समजू शकते. त्याच्या अज्ञानाला आवर घालण्यासाठीच तर न्यायमूर्ती असतात.

खरे निष्णात चौकशी अधिकारी काय करतात? दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाकडे हान्स शार्फ नावाचा एक चौकशी अधिकारी होता. पाडलेल्या विमानांतून पकडलेले अमेरिकी वैमानिक त्याच्यापुढे आणले जात. तो आवाज चढवत नसे. त्यांच्याबरोबर फिरायला जाई, गप्पा मारी, आपल्याला बहुतेक सगळं ठाऊकच आहे असं भासवी आणि हवा तो एखादा तुकडा बोलण्याच्या ओघात काढून घेई. आपण काही महत्त्वाचं बोलून गेलो, हे कित्येकांना कळतही नसे. युद्धानंतर त्याच अमेरिकेच्या हवाई दलाने त्याला व्याख्यानांसाठी बोलावलं. तो पुढे अमेरिकेतच स्थायिक झाला आणि रंगीत काचांच्या तुकड्यांची चित्रं करू लागला. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमधल्या सिंड्रेलाच्या महालात त्याच्या हातचं काम आजही बघायला मिळतं.

अली सूफान हा एफबीआयचा अरबी जाणणारा अधिकारी. मार्च २००२ मध्ये पाकिस्तानात फैसलाबादला अल कायदाचा संशयित अबू झुबैदा जखमी अवस्थेत पकडला गेला, तेव्हा सूफान आणि त्याच्या सहकाऱ्याने त्याची शुश्रूषा करत त्याला बोलतं केलं. ११ सप्टेंबरच्या कटामागचा मेंदू खालिद शेख मोहम्मद होता, हे त्या संवादातून हाती आलं. नंतर सीआयएने त्या कैद्याचा ताबा पूर्णपणे आपल्याकडे घेतला आणि ऑगस्ट २००२ मध्ये त्याला ८३ वेळा 'वॉटरबोर्डिंग' केलं, म्हणजे बुडून मरत असल्याची जाणीव होईल अशा रीतीने तोंडावरच्या कापडावर पाणी ओतलं. अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की सीआयएच्या या पद्धती माहिती मिळवण्याचं परिणामकारक साधन नव्हत्या. सीआयएच्या त्या कार्यक्रमात ११९ जणांना कोंडलं होतं आणि त्यांपैकी किमान २६ जणांना कोंडण्याचं कारणच नव्हतं. संस्थेने अहवालातले अनेक निष्कर्ष नाकारले. पण ते २६ लोक पटकथेत कुठेच नसतात, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आता एक रास्त शंका. कठोर उपायांना पाठिंबा देणारी माणसं मुळातच अशा मालिका आवडीने बघत असतील. मग मालिकेने मत घडवलं असं कसं म्हणायचं? अमेरिकेतल्या गुप्तवार्ता विषयाच्या अभ्यासक एमी झेगार्ट यांनी २०१२ मध्ये एक देशव्यापी सर्वेक्षण करवून घेतलं. हेरांच्या मालिका वारंवार बघणारे लोक संशयित दहशतवाद्यांना ठार मारण्याला आणि छळाच्या पद्धतींना इतरांहून अधिक अनुकूल आढळले. पण हा संबंध कोणत्या दिशेने जातो, ते सर्वेक्षण सांगू शकत नाही. एरिन कर्न्स आणि जोसेफ यंग या दोन संशोधकांनी म्हणून प्रयोग केला. काहींना '२४' मधलं असं दृश्य दाखवलं ज्यात छळ यशस्वी होतो, काहींना असं ज्यात तो फसतो, आणि काहींना छळ नसलेलं दृश्य. छळ यशस्वी होताना पाहिलेल्यांचा छळाला असलेला पाठिंबा वाढला. छळ पाहिलेले लोक, तो यशस्वी झालेला असो वा फसलेला, या विषयावर आपल्या लोकप्रतिनिधीला पाठवायच्या अर्जावर सही करायलाही अधिक तयार झाले. एका दृश्याचा हा परिणाम. आठ हंगाम बघणाऱ्याचं काय होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मालिकेच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या सातव्या हंगामात जॅक बावर पहिल्याच भागात सिनेट समितीसमोर छळाच्या आरोपांचा जाब देताना दिसतो. टीका लेखकांच्या कानापर्यंत पोहोचली होती.

हे फक्त अमेरिकेतच घडलं असं नाही. याच्या बरीच वर्षं आधी, ऑगस्ट १९७३ मध्ये, सोव्हिएत दूरचित्रवाणीवर 'वसंताचे सतरा क्षण' ही बारा भागांची कृष्णधवल मालिका दाखवली गेली. दिग्दर्शिका तात्याना लिओझ्नोवा, मूळ कादंबरी युलियान सेम्योनोव्ह यांची. गोष्ट १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या बर्लिनची. माक्सिम इसायेव्ह हा सोव्हिएत हेर श्टिर्लिट्स या नावाने नाझींच्या सुरक्षा खात्यात वर्षानुवर्षं वरच्या पदावर बसलेला आहे. नाझी जनरल कार्ल वोल्फ आणि अमेरिकी गुप्तचर अॅलन डलेस यांच्यात स्वित्झर्लंडमध्ये चाललेल्या गुप्त वाटाघाटी त्याला उधळायच्या आहेत. या वाटाघाटी खऱ्या इतिहासातल्या, श्टिर्लिट्स काल्पनिक.

'२४' पाहिलेल्या माणसाला ही मालिका संथ वाटेल. श्टिर्लिट्स, म्हणजे व्याचेस्लाव्ह तिखोनोव्ह, बहुतेक वेळ विचार करत असतो. तो खिडकीशी उभा राहतो, सिगारेट ओढतो, गाडी चालवतो आणि निवेदकाचा शांत आवाज त्याच्या मनातलं सांगतो. एका प्रसंगात वरिष्ठांनी त्याच्या पत्नीला एका कॅफेत आणलेलं असतं. दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. ओळख दाखवायची नाही, बोलायचं नाही, फक्त बघायचं. मिकाएल तारिव्हेर्दियेव्ह यांचं संगीत चालू राहतं आणि कित्येक मिनिटं एक शब्दही उच्चारला जात नाही. सोव्हिएत संघातल्या एका अख्ख्या पिढीला ते दृश्य पाठ आहे. युद्धावर गेलेल्या माणसांची वाट बघत आयुष्य काढलेल्या लाखो बायका तिथे होत्या. त्या दृश्यात त्यांनी स्वतःला पाहिलं.

मालिकेचा दर्जा उत्तम होता, यात शंका नाही. पण तिच्यामागे एक हेतूही होता. युरी आंद्रोपोव्ह १९६७ मध्ये केजीबीचे प्रमुख झाले, तेव्हा लोकांच्या मनात त्या संस्थेची आठवण स्टालिनच्या काळातल्या रात्रीच्या अटकांची, छळछावण्यांची आणि गोळीबार पथकांची होती. ती पुसायची तर नवी प्रतिमा हवी होती. आंद्रोपोव्ह यांनी हेरकथा लिहिणाऱ्यांना प्रोत्साहन दिलं, सेम्योनोव्ह त्यांत पुढे होते. मालिकेच्या सल्लागारांत केजीबीचे उपप्रमुख सेम्योन त्स्विगुन टोपणनावाने होते. सुसंस्कृत, मितभाषी, देशासाठी एकाकीपण सोसणारा श्टिर्लिट्स घराघरांत पोहोचला आणि ज्या संस्थेच्या नावाने आधीची पिढी दचकत होती, तिचा चेहरा पुढच्या पिढीसाठी तिखोनोव्हसारखा देखणा झाला. तो हेर परदेशात, शत्रूच्या गोटात काम करतो. देशातल्या देशात त्याच संस्थेचं पाचवं संचालनालय लेखकांवर आणि असंतुष्टांवर पाळत ठेवत होतं, ते पडद्यावर आलं नाही.

तरी प्रेक्षक म्हणजे निव्वळ मऊ माती नसतात, हेही याच मालिकेने दाखवलं. नाझी अधिकारी पडद्यावर आला की निवेदक त्याची गोपनीय सेवानोंद वाचून दाखवतो: स्वभाव कसा, निष्ठा किती, सहकाऱ्यांशी वागणूक कशी. सोव्हिएत नागरिकांना ही भाषा चांगलीच ओळखीची होती. त्यांच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत त्यांच्याबद्दल अशाच नोंदी लिहिल्या जात. श्टिर्लिट्स आणि गेस्टापोचा प्रमुख म्युलर यांच्यावर देशभर शेकडो विनोद निघाले, अजून सांगितले जातात. बर्लिनच्या त्या कचेऱ्यांत लोक आपल्याच कचेऱ्या बघत होते. ज्यांनी मालिका घडवून आणली, त्यांना हा अर्थ नक्कीच अपेक्षित नव्हता.

याच काळात लेनिनग्राडमध्ये व्लादिमिर पुतिन नावाचा मुलगा मोठा होत होता. हेरांच्या पुस्तकांनी आणि चित्रपटांनी, विशेषतः १९६८ च्या 'ढाल आणि तलवार' या चित्रपटाने, आपल्याला केजीबीकडे ओढलं, असं त्याने पुढे स्वतः सांगितलं. शाळेत असतानाच तो केजीबीच्या कार्यालयात चौकशीला गेला होता. १९७५ मध्ये तो त्या सेवेत रुजू झाला. सोव्हिएत संघ मोडल्यानंतर सेंट पीटर्सबर्गच्या महापौरांच्या कार्यालयात तो अधिकारी असताना इगोर शादखान या दिग्दर्शकाने त्याच्यावर माहितीपट केला. त्यात पुतिन गाडी चालवताना दिसतो आणि पार्श्वभूमीला तारिव्हेर्दियेव्ह यांचं तेच संगीत वाजतं. मालिकेच्या शेवटी श्टिर्लिट्स बर्लिनला परत निघतो, तोच प्रसंग पुन्हा उभा केलेला. आपण केजीबीत होतो, हे तिथे उघड झालं, आणि ते कुणाला खटकू नये याची सोय मालिकेने वीस वर्षं आधीच करून ठेवली होती. ३१ डिसेंबर १९९९ रोजी हा माणूस रशियाचा हंगामी अध्यक्ष झाला. एका मालिकेमुळे तो अध्यक्ष झाला, असं म्हणणं पोरकटपणाचं होईल. पण गुप्तहेर असणं ही रशियात राजकीय भांडवल ठरेल अशी गोष्ट झाली, तिच्या कारणांत श्टिर्लिट्स आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

पडद्यावरच्या प्रतिमेचं हे बळ सीआयएनेही ओळखलं. १९९६ मध्ये तिने चेस ब्रँडन या आपल्या जुन्या अधिकाऱ्याला हॉलिवूडशी संपर्क ठेवण्याच्या कामावर नेमलं. 'एलिअस' मालिकेची नायिका जेनिफर गार्नर २००४ मध्ये सीआयएच्या भरतीच्या चित्रफितीत झळकली.

उलट जिथे निर्मात्यांना विषयाची माहितीच नसते, तिथे काय होतं ते 'होमलँड' या अमेरिकी हेरमालिकेने दाखवलं. बर्लिनमध्ये सीरियन निर्वासितांच्या छावणीचा सेट उभारताना भिंतींवर अरबी मजकूर लिहिण्यासाठी काही कलाकारांना बोलावलं. त्यांनी ही मालिका वंशद्वेषी आहे, असंच भिंतीवर लिहून ठेवलं. सेटवर कुणालाही अरबी वाचता येत नव्हतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये तो भाग जसाच्या तसा प्रक्षेपित झाला. अरब जगाबद्दल कोट्यवधी प्रेक्षकांचं मत घडवणाऱ्यांत त्या भिंतीवरचं एक वाक्य वाचणारं माणूस नव्हतं.

या मालिकांना इतकं बळ का मिळतं, याचं माझं उत्तर सरळ आहे. डॉक्टरांवरची मालिका खोटी वाटली तर आपण दवाखाना पाहिलेला असतो. न्यायालयावरची असेल, तर घरातलं कुणीतरी तारखांना जाऊन आलेलं असतं. गुप्तचर खात्याच्या कचेरीत मात्र आपल्यापैकी कुणी पाऊल टाकलेलं नसतं आणि टाकलेला माणूस बोलत नाही. भारतात 'रॉ' १९६८ मध्ये स्थापन झाली. तिच्या कारभारासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा आजही नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातून 'रॉ' आणि 'आयबी' दोन्ही वगळलेल्या आहेत. जिथे दुसरा कुठलाच स्रोत नाही, तिथे पटकथा हेच पाठ्यपुस्तक होतं.

आपल्याकडे २०१३ मध्ये अनिल कपूर यांनी '२४' चा हिंदी अवतार आणला. पण भारतीय प्रेक्षकाच्या घरात खऱ्या अर्थाने मुरला तो २०१९ पासूनचा 'द फॅमिली मॅन'. मनोज बाजपेयींचा श्रीकांत तिवारी मुंबईत राहतो, घराच्या कर्जाची काळजी करतो, मुलांच्या शाळेत उशिरा पोहोचतो. त्याचा जोडीदार जे. के. तळपदे आपल्या गिरगाव-दादरमध्ये सहज भेटेल असा. या मालिकेचा मला आदर वाटतो तो एका गोष्टीसाठी. पहिल्याच हंगामात श्रीकांतचं पथक चुकीच्या संशयावरून निरपराध विद्यार्थ्यांना गोळ्या घालतं, ते प्रकरण दडपलं जातं आणि श्रीकांत त्या ओझ्याखाली वाकतो. खात्यांकडून चूक होते आणि ती लपवली जाते, एवढं सांगण्याचं धैर्य फार थोड्या मालिकांनी दाखवलं आहे.

एरवी आपला प्रेक्षक फार आधीपासून वेगळ्या शिक्षणावर वाढलेला आहे. १९९८ पासून वीस वर्षं सलग चाललेल्या 'सीआयडी' त संशयिताच्या कानाखाली एक बसली की तो घडाघडा कबुली देई आणि प्रकरण मिटे. आमच्या किती घरांत मुलांनी पोलिसी तपास म्हणजे काय ते तिथूनच शिकलं. प्रत्यक्षात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी घातला, कारण कबुली कशी काढली जाते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे.

आणि टिकटिकणारा बॉम्ब? मुंबईने तो पाहिला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे या पोलिसाने अंगावर गोळ्या झेलून बंदूक धरून ठेवली आणि दहशतवादी हल्लेखोर अजमल कसाब जिवंत सापडला. ताज, ओबेरॉय, नरिमन हाउस इथे हल्ला चालू होता. ताजमधली चकमक २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालली. कुठल्याही पटकथेत याहून निकडीचा प्रसंग सापडणार नाही. त्या रात्री नायर रुग्णालयात खाटेवर पडलेल्या कसाबला पोलीस अधिकारी प्रश्न विचारताहेत, याचं चित्रीकरण पुढे जगभर दाखवलं गेलं. त्यात प्रश्न आहेत आणि उत्तरं आहेत: कुठून आलास, कसा आलास, कुणी पाठवलं. तो बोलला. पुढे खटला उभा राहिला तो सीएसएमटी स्थानकात सेबास्टियन डिसोझा यांनी जीव धोक्यात घालून काढलेल्या छायाचित्रांवर, सीसीटीव्हीच्या चित्रणावर, प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांवर आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेल्या जबाबावर. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय असे तिन्ही टप्पे त्या खटल्याने पार केले. आजवर कुठल्या हेरमालिकेने हा भाग पूर्ण दाखवलेला मला ठाऊक नाही. दाखवायला हवा, कारण त्यात रोमांच कमी नाही.

२०१० च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी घडल्या. विशेष न्यायालयाने कसाबला फाशीची शिक्षा सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला, की आरोपीच्या संमतीशिवाय त्याची नार्को चाचणी करता येणार नाही. आणि लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं. विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात असा कायदा करण्याची शिफारस पुन्हा केली. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केलेली आहे. त्याला अनुसमर्थन मात्र अद्याप दिलेलं नाही.